मस्ट हॅव, माइट हॅव आणि आपला गोठा

चि. बाय हिला,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू इंग्रजी व्याकरणातल्या ‘शुड हॅव, कुड हॅव’चं रडगाणं लावलंस आणि नेमकी रेंज गेली, म्हणून लिहायला बसले. गाइडातले चौकोन आधी मीट. आपल्या घरात दिवसभर हेच तर बोलतात.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तिकडे वीज नाही, फोन नाही, आणि मी इंग्लंडात जीव मुठीत धरून. ‘पोफळी पडल्या असतील’ हा नुसता तर्क : माइट हॅव फॉलन. मग बातम्यांत श्रीवर्धन-दिवेआगरच्या आडव्या झालेल्या वाड्या दिसल्या, तशी म्हटलं, ‘आपल्याही पडल्या असणार’ : मस्ट हॅव फॉलन. आधार मिळाला की माइटचं मस्ट होतं. याच्या उलट बोलताना मात्र मस्टला नॉट जोडू नकोस. ‘गोठा पडणं शक्यच नाही, चिऱ्याचा आहे’ म्हणजे कान्ट हॅव फॉलन. (पडला होता, ती गोष्ट वेगळी!)

आदल्या रात्री आजोबांनी गाय पडवीत आणून बांधली आणि दुसऱ्या दिवशी माड थेट गोठ्यावर. ‘गाय मेली असती’ याला शी माइट हॅव डाइड चालेल, मे हॅव नाही. ‘मे’ म्हटलं की जगली की मेली ते अजून कळायचंय. ही तर पडवीत रवंथ करत होती.

दादा अजून हळहळतो, ‘तो माड आधीच तोडायला हवा होता.’ वुई शुड हॅव कट इट डाउन. कुड हॅव म्हटलं तर तोडता आला असता, एवढंच. शुडमध्ये दोष येतो. म्हणून इथे इंग्लंडात दुसऱ्याला ‘यू शुड हॅव’ म्हणताना जरा जपून. आणि ‘यू माइट हॅव टोल्ड मी!’ ऐकलंस तर शक्यता शोधत बसू नकोस, तो सरळ तणतणाट : ‘सांगायचंस तरी!’

मी वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. एखाद्या आजीबाई जमिनीवर दिसल्या आणि पडताना कोणी पाहिलं नसेल, तर नोंदीत ‘मस्ट हॅव स्लिप्ड’ लिहीत नाही. ‘फाउंड ऑन द फ्लोअर’, बस. मला ही शिस्त फार पटते.

शेजारणीला आंबापोळी दिली तर म्हणते, ‘यू नीडन्ट हॅव!’ म्हणजे आणलीस, पण गरज नव्हती. डिडन्ट नीड टू वापरलं तर आणली की नाही तेच कळत नाही. (पोळी मात्र लगेच संपते हो तिची.)

परीक्षेत गुण जातात ते दोन ठिकाणी. शी असली तरी हॅवच, हॅज नाही, आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. बोलताना ‘शुडव्ह’ ऐकू येतं, त्यामुळे इथली शिकलेली माणसंसुद्धा ‘शुड ऑफ’ लिहितात. तू लिहू नकोस.

वादळानंतर लावलेल्या पोफळींची दहा वाक्यं कर आणि फोटो काढून पाठव. दादाला सांग, पावसाआधी कौलं परतून घे. आजीचा गुडघा कसा आहे?

तुझी,
आत्या