कॅमेऱ्याच्या फोटोवर किती विसंबायचं

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, रात्री मोबाईल वाजतो आणि उघडून बघावं तर फोटोत नुसतं रिकामं अंगण, म्हणून कॅमेरा बिघडला असं तुम्हाला वाटतंय. तो बिघडलेला नाही. तुमचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा डबा, माणूस ओळखत नाही. मागच्या क्षणाचं चित्र आणि आत्ताचं चित्र तो ताडून बघतो आणि ठरावीक भागातला उजेड-अंधार बदलला की सूचना पाठवतो. रस्त्यावरून गेलेल्या स्कूटरचा दिवा, पावसाची सर, हलणारी केळीची पानं, सगळं त्याला सारखंच. रात्री तर कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांकडे (अंधारात बघण्यासाठीचा, आपल्याला न दिसणारा उजेड) किडे येतात, त्यांच्यामागून कोळी येतो आणि भिंगासमोर जाळं विणतो. जवळ असल्यामुळे ते जाळं लख्ख पांढरं दिसतं आणि वाऱ्याने हललं की सूचना सुरू. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मऊ कुंच्याने कॅमेऱ्याभोवतीची जाळी काढायला सांगा. भिंग पुसायचं ते कोरड्या मऊ कापडाने. पदराने नको, आई.

हा झाला खोट्या सूचनांचा त्रास. मला काळजी आहे ती उलट बाजूची. फोटो रिकामा आला म्हणजे कोणी आलं नव्हतं, असं समजू नका. हालचाल जाणवल्यावर फोटो नेमका कोणत्या क्षणी काढायचा हे यंत्र ठरवतं. लवकर काढला तर चौकटीत नुसता खांदा येतो, उशिरा काढला तर माणूस निघून गेलेला असतो. म्हणून फोटो बघून निर्णय करायचा नाही. सूचनेची वेळ बघायची, डीव्हीआरच्या माऊसचं उजवं बटण दाबून मेन्यूतून प्लेबॅक, म्हणजे जुनं रेकॉर्डिंग, उघडायचं, तारीख आणि कॅमेरा निवडायचा आणि सूचनेच्या अर्धा मिनिट आधीपासून बघायला लागायचं. आणि त्यासाठी गेटच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग अखंड हवं. 'फक्त हालचालीवर' असं ठेवलं की ज्या वेळी यंत्राला हालचाल कळलीच नाही, त्या वेळचं काहीच हाती लागत नाही.

बाबा, फोटो मोठा करून चेहरा दिसत नाही अशी तुमची तक्रार आहे, त्याचं गणित सांगते. अनोळखी माणसाचा चेहरा पटण्याइतका दिसायला चित्रात एका मीटर रुंदीला साधारण 250 पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, पडावे लागतात. आपले कॅमेरे 2 मेगापिक्सेलचे, म्हणजे आडवे 1920 पिक्सेल. तेव्हा साडेसात मीटर रुंदीचा देखावा आला की मर्यादा संपली. 2.8 मिलिमीटरचं भिंग जवळपास 100 अंश पसरट बघतं, त्यामुळे एवढी रुंदी अवघ्या तीन मीटरवरच भरते. त्यापलीकडे 'कोणीतरी आलं होतं' एवढंच कळणार. त्यातून मोबाईलवर येणारा फोटो बऱ्याच संचांत मूळ चित्रातून नाही, तर फोनसाठी बारीक केलेल्या चित्रातून काढलेला असतो. फोनमध्ये त्या फोटोचे तपशील उघडून आकार बघा. 704×576 किंवा 640×480 असेल, तर ओळख पटण्याचं अंतर मीटरभरावर आलं. बोटांनी ताणून मोठा केला तरी जे टिपलंच नाही ते येणार कुठून? गेटवर चेहरा हवा असेल तर तिथे 6 मिलिमीटरच्या भिंगाचा कॅमेरा लावायचा, जो कमी पसरट पण जास्त लांबचं बघतो. उंचीही कमी हवी. छपराला टांगलेल्या कॅमेऱ्यात टोप्या आणि छत्र्याच दिसतात. रात्री शटर हळू चालतं, त्यामुळे चालत्या माणसाचा चेहरा फरफटलेला येतो आणि गाडीच्या नंबरपाटीवर इन्फ्रारेड उजेड परतून ती पांढरी फटक दिसते. यावर साधा उपाय बाहेरचा दिवा. पडवीतला एक 9 वॉटचा एलईडी बल्ब रात्रभर चालू ठेवलात तर कॅमेऱ्याच्या कामात बराच फरक पडेल.

मागच्या दारचा बॅटरीवरचा कॅमेरा मात्र निराळ्या जातीचा. तो झोपलेला असतो आणि अंगाच्या उष्णतेने जागा होतो. जागं व्हायला त्याला क्षण-दोन क्षण लागतात, तेवढ्यात चपळ माणूस निसटतो. समोरून सरळ चालत येणारा त्याला उशिरा कळतो, आडवा जाणारा लवकर. म्हणून त्याचं तोंड दाराकडे येणाऱ्या वाटेवर आडवं पडेल असं करा. मे महिन्यात बाहेरची हवा अंगाइतकीच तापलेली असते, तेव्हा त्याला माणूस वेगळा जाणवतच नाही. काचेमागूनही त्याला काही कळत नाही. शिवाय एक सूचना दिल्यावर बॅटरी वाचवायला तो काही वेळ गप्प बसतो. त्या वेळात आलेला दुसरा माणूस गेलाच हातचा. ॲपमध्ये ही विश्रांतीची वेळ कमीत कमी करून घ्या. बॅटरी थोडी लवकर संपेल, चालेल.

लावणाऱ्याने सांगितलेलं 'महिनाभराचं रेकॉर्डिंग' विसरा. चार कॅमेरे, प्रत्येकी 2 एमबीपीएस (सेकंदाला 2 मेगाबिट; आठ मेगाबिटांचा एक एमबी), म्हणजे सगळे मिळून सेकंदाला एक एमबी आणि दिवसाला सुमारे 86 जीबी. 1 टीबीच्या डिस्कवर अकराएक दिवस होतात, मग जुन्यावर नवं चढतं. सेटिंगमध्ये 4 एमबीपीएस असेल तर साडेपाच दिवसच. महिना हवा असेल तर 2 एमबीपीएसवरही 4 टीबीची डिस्क लागेल. तुम्ही दोघं आठवडाभर गावी जाऊन आलात तर आल्यावर चहा घ्या, पण रेकॉर्डिंग बघणं पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

काही सापडलं तर लगेच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. दहा मिनिटांचा तुकडा साधारण 150 एमबीचा होतो. पेनड्राइव्ह एफएटी32 या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, म्हणून तुकडे लहान करा. टीव्हीच्या पडद्याचा मोबाईलने व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर टाकलात तर चित्राचा पार लगदा होतो आणि पुरावा म्हणून त्याला फारसं वजन राहत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार डीव्हीआरमधून उतरवलेल्या प्रतीसोबतही ती कोणत्या यंत्रातून आणि कशी काढली याचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून पोलीस येईपर्यंत डीव्हीआरला हात लावू देऊ नका, डिस्क कोणाला बदलू देऊ नका.

वीज गेली की डीव्हीआर, कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लाय आणि राउटर, तिन्ही इन्व्हर्टरवर आहेत ना हे एकदा मेन स्विच बंद करूनच बघा. एकटा राउटर बंद पडला तर रेकॉर्डिंग चालू राहतं, फक्त सूचना येत नाहीत. प्रत्येक वेळी वीज गेल्यावर डीव्हीआरची तारीख भलतीच दाखवत असेल तर आतला बटण सेल संपलाय, बहुतेक सीआर2032. स्वस्तात मिळतो, पण तो नसेल तर रेकॉर्डिंग असूनही शोधता येत नाही.

आणि रात्री सूचना आली तर दार उघडून बाहेर जायचं नाही, बाबा. आतूनच अंगणातला दिवा लावा, मागचं दार बंद आहे ना बघा, शेजारी फोन करा. माणूस दिसलाच तर 112. आई, तू यांना अडव.

शनिवारी मेकॅनिक येईल तेव्हा त्याच्याकडून गेटच्या कॅमेऱ्यात रस्त्याचा भाग हालचालीच्या चौकटीतून वगळून घ्या आणि डीव्हीआरचा मूळ पासवर्ड बदलून घ्या. नवा पासवर्ड त्याच्या वहीत नको, तुमच्या डायरीत लिहा.

तुमची,
लेक