टेपवाल्या काकांना उघडं पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

माझ्या जुन्या कॅसेटी दुरुस्त करून तुम्ही मजुरी घेतली नाहीत. "नव्या खोळींचे तेवढे द्या," म्हणालात. म्हणून निदान हे पत्र तरी. मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण अजून कितीतरी घरांत माळ्यावर कॅसेटी बुरशी खात पडल्या असतील.

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून मी अकरा कॅसेटी आणल्या, तेव्हा तुम्ही एक उजेडाकडे धरलीत आणि म्हणालात, "ही अशीच लावली तर हेडचं वाटोळं होईल." हेड म्हणजे टेप वाचणारा भाग. मग चष्मा कपाळावर सारून पाच बारीक स्क्रू काढलेत. टेपच्या कडेची पांढरी बुरशी मऊ कापडानं टिपलीत, रिळं नव्या खोळीत बसवलीत. प्रत्येक कॅसेटनंतर स्पिरिटचा बोळा. सगळ्यात कमाल म्हणजे गाणं चालू असताना हेडचा स्क्रू केसभर पिळलात आणि गोधडीतून आल्यासारखी वाटणारी झांज एकदम लख्ख वाजली!

सगळ्या कॅसेटी एकाच ख्रिस्ती रॉक बँडच्या होत्या, पेट्रा. ग्रीकमध्ये पेट्रा म्हणजे खडक. आमच्या बायबलातल्या पेत्राचं नाव याच शब्दाशी जुळतं. १९७२ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, फोर्ट वेन गावी, बायबल शिकणाऱ्या चार पोरांनी तो काढला. गिटार बॉब हार्टमनची, पुढची बहुतेक गाणीही त्याचीच. रॉक हे सैतानाचं संगीत आहे असं व्यासपीठावरून सांगितलं जायचं, त्या काळात.

मी मात्र पेट्रा उलट्या क्रमानं ऐकली. चर्चच्या तरुण संघात असताना आधी हाती लागली १९९० ची 'बियॉन्ड बिलीफ'. ग्रॅमी मिळवणारी, गुळगुळीत, भव्य. त्यानंतर कुणीतरी कोऱ्या कॅसेटवर उतरवून दिलेली १९७४ ची पहिली. ती ऐकून मला वाटलं, नाव चुकून पडलंय. हे तर गावाकडच्या अंगाचं, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या बाजाचं गिटारवादन! तुम्ही सगळं सालवार लावून पेनड्राइव्हवर दिलंत, तेव्हा कुठं मला मधल्या पायऱ्या दिसल्या.

१९८४ ची 'बीट द सिस्टिम' मला कधीच सहन झाली नव्हती. गिटार बाजूला आणि जिकडेतिकडे सिंथेसायझर. तुम्ही दोन मिनिटं ऐकलंत. "तेव्हा सगळ्यांनाच कीबोर्डाचा ताप चढला होता, आपल्याकडची सिनेमाची गाणी आठवा की." राग तिथंच ओसरला.

१९८६ ची 'बॅक टू द स्ट्रीट' लागल्यावर तुम्ही मान वर केलीत. "गवई बदलला ना?" बदलला होता. ग्रेग व्होल्झचा उंच, गोड गळा गेला आणि जॉन श्लिट आला. हा आधी हेड ईस्ट नावाच्या बँडचा गायक. व्यसनापायी तिथून बाहेर पडलेला, मग श्रद्धेकडे वळून काही वर्षं गाण्यापासून लांब राहिलेला. यातलं काही ठाऊक नसताना तुम्ही म्हणालात, "गळा घासलेला आहे, पण सूर जागेवर लागतो." मी वीस वर्षं या दोघांवरून मित्रांशी भांडलो, एवढं नेमकं मला सुचलं नव्हतं.

आणि ते 'ज्युडास किस'! १९८२ च्या 'मोअर पॉवर टू या'मधलं. रॉकच्या तबकड्या उलट्या वाजवल्या की सैतानाचे निरोप ऐकू येतात, असं प्रचारक सांगत. पेट्रानं मुद्दाम उलटा निरोप घातला. तरुणपणी मी पेन्सिल घालून रीळ उलटं फिरवत बसायचो, काहीच ऐकू यायचं नाही. तुम्ही संगणकावर तो तुकडा पलटलात आणि स्वच्छ इंग्रजीत आवाज आला: सैतानाला काय शोधताय, प्रभूला शोधायचं सोडून? अर्थ सांगितल्यावर तुम्ही एवढे हसलात की चहा सांडला.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, तुम्हीच ऐकलंय. हार्टमननं १९९५ ला दौरे थांबवले, २००० च्या 'डबल टेक'मध्ये बहुतेक जुनीच गाणी हलक्या साजात आली, २००३ च्या 'जेकिल अँड हाइड'मध्ये पुन्हा दणकट गिटार, आणि २००५ ला निरोप.

'नॉट ऑफ धिस वर्ल्ड'ची दुसरी बाजू वाचवता आली नाही याचं तुम्हाला वाईट वाटलं. वाटून घेऊ नका. ती खोळ फेकू मात्र नका, रविवारी उपासना झाली की घ्यायला येतो. काकूंचा डबाही माझ्याकडेच आहे. रिकामा आणणार नाही.

आपला,
अकरा कॅसेटीवाला