छडी न उचललेल्या सरांचा दरारा

बार्शी, रविवार

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र काल मिळालं. 'चारही शब्द माहीत होते, तरी गुण गेला,' हे तू किती कळवळून लिहिलंयस! रात्री मी तो प्रश्न पुन्हा वाचला.

'सरांनी कधी छडी उचलली नाही, आवाज चढवला नाही. तरी शाळेत त्यांचा ____ होता.' पर्याय: भीती, दहशत, धाक, दरारा.

आधी 'त्यांचा' बघ. भीती आणि दहशत स्त्रीलिंगी, त्यांना 'त्यांची' लागलं असतं. म्हणजे दोन तिथेच गळाले. उरले धाक आणि दरारा, आणि तू धाकावर खूण केलीस. आता हे शब्द कुठल्या क्रियापदांबरोबर येतात ते आठव. धाक दाखवतात, धाक घालतात. छडीचा असतो, कायद्याचा असतो. अंधाराची मात्र नुसती भीती वाटते. धाकामागे शिक्षा उभी असते. दरारा कुणी दाखवत नाही. तो माणसाच्या वागण्यातून आपोआप पसरतो, त्यात आदरही मिसळलेला असतो. वाक्यातून छडी मुद्दाम काढून घेतली आहे ती यासाठीच. नुसतं 'शाळेत सरांचा ____ होता' एवढंच दिलं असतं, तर दोन्ही उत्तरं बरोबर धरावी लागली असती, आणि तसा प्रश्न मी अन्यायाचाच म्हणेन.

समूहदर्शक शब्दांची यादी तू पाठ करतोयस, ती जरा बाजूला ठेव. मीही एकदा परीक्षेत 'नाण्यांची रास' लिहून आलो होतो. रास धान्याची, खळ्यावर ओतलेली. नाणी एकावर एक सरळ रचली की ती चळत. भाकऱ्यांची चवड. मडक्यांची उतरंड, कारण खाली मोठं मडकं आणि वर उतरत्या आकाराची. आजीच्या माजघरातली उतरंड डोळ्यांसमोर आली की पाठ करायला उरतं काय?

अडलास तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघड. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात खंड निघाले, आणि आता तो इंटरनेटवर फुकट शोधता येतो. नुसता अर्थ टिपू नकोस, खाली दिलेले प्रयोगही वाच. मला तिथे तासन् तास रमायला होतं.

पुढच्या रविवारी तुझ्या अभ्यासिकेवर येतो. तोवर एक कर: आपल्याला कुणाची कीव येते आणि कुणाची दया, याची दोन-दोन वाक्यं स्वतःच्या अनुभवातली लिहून ठेव. माझी दोन तयार आहेत, पण तुझी आधी ऐकायची आहेत.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनू