तिमाही निकाल वाचायचे कसे, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात मुंबईहून परतताना मुलीने फराळाचा डबा ज्या कागदात गुंडाळून दिला, तो आपल्याच दैनिकाच्या मुंबई आवृत्तीचा निघाला. त्यावर एका कंपनीच्या तिमाही निकालांची जाहिरात होती. आकडे भिंगाशिवाय न दिसणारे आणि कोपऱ्यात क्यूआर कोड. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तिमाहीचे निकाल ४५ दिवसांत आणि वर्षाचे ६० दिवसांत जाहीर करावे लागतात, आणि त्यांची जाहिरात नोंदणीकृत कार्यालय असलेल्या प्रदेशाच्या भाषेतील दैनिकातही द्यावी लागते. म्हणजे माहिती मराठीत छापून येते, पण ती वाचायची कशी हे मराठीत फारसे कोणी सांगत नाही.

घाटंजी तालुक्यात माझे कृषी केंद्र आहे. मे २०२२ मध्ये एलआयसीचे शेअर विक्रीला आले, तेव्हा पॉलिसीधारकांना शेअरमागे ६० रुपयांची सूट होती. त्या निमित्ताने आमच्याकडे अनेकांनी डीमॅट खाते उघडले, त्यांत मीही होतो. पुढे मोबाइलवरच्या एका ग्रुपच्या सांगण्यावरून मी एका अनोळखी कंपनीत २२ हजार रुपये घातले. काही दिवस भाव रोज वरच्या सर्किटला, म्हणजे एका दिवसात जास्तीत जास्त जितका चढू देतात त्या मर्यादेला, लागत होता. मग तो खालच्या मर्यादेला, म्हणजे खालच्या सर्किटला लागू लागला आणि विकायला काढले तर घेणाराच मिळेना. सल्ला देणाऱ्यांची नोंदणी सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येते आणि आमच्या ग्रुपप्रमुखाचे नाव तिथे नाही, हे मी पाहिले ते पैसे बुडाल्यावर.

त्यानंतर मी शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपन्यांचे अहवाल स्वतः उघडून पाहू लागलो, आणि सुरुवात ओळखीच्या धंद्यापासून, म्हणजे बियाण्यांच्या एका कंपनीपासून केली. जानेवारी ते मार्चच्या तिमाहीत तिला तोटा दिसला, तेव्हा कंपनी बुडाली असेच मला वाटले. मग लक्षात आले की मृगाच्या तोंडावर आमच्या दुकानात जी रांग लागते, तीच तिच्या एप्रिल ते जूनच्या आकड्यांत उतरते. म्हणून या जूनची तुलना मार्चशी नव्हे, तर गेल्या जूनशी करायला हवी. वर्षाचा नफा भरपूर होता, पण ताळेबंदात 'येणे' रक्कम, म्हणजे माल विकूनही वसूल न झालेली उधारी, विक्रीपेक्षा वेगाने वाढत होती आणि रोख प्रवाहाच्या पत्रकात धंद्यातून आलेला पैसा उणे होता. हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. माझ्या खातेवहीतही जूनमध्ये विक्री झालेली असते, मात्र कापसाचा चुकारा होईपर्यंत गल्ला रिकामाच असतो. फरक इतकाच की माझी उधारी दिवाळीनंतर बहुतांशी वसूल होते. त्या कंपनीची उधारी तीन वर्षे फुगतच गेली होती. (वाईट हंगामात माझीही फुगते, ती गोष्ट वेगळी.) प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, आपले किती शेअर गहाण ठेवले आहेत, हेही दर तिमाहीच्या भागधारणेच्या तक्त्यात असते. सातबाऱ्यावरचा बोजा न पाहता आमच्याकडे कोणी वावर घेत नाही, पण शेअर घेताना हा तक्ता उघडणारा अजून मला भेटलेला नाही.

हे अहवाल बहुतेक इंग्रजीतच असतात. माझे इंग्रजी औषधांच्या लेबलांपुरते असल्याने एका अहवालाला मला चार रात्री लागल्या. म्हणून विनंती अशी की, अर्थविषयक पानावर 'हा घ्या, तो विका' अशा शिफारशींइतकीच जागा आठवड्यातून एकदा एखाद्या कंपनीचा निकाल ओळीओळीने उलगडून दाखवण्यास द्यावी. भावाचे भाकीत त्यात नको, आणि लिहिणाऱ्याकडे त्या कंपनीचे शेअर आहेत की नाहीत हे खाली स्पष्ट नमूद असावे. जून तिमाहीचे निकाल १४ ऑगस्टपर्यंत येतात. पहिला मान बियाणे आणि खतांच्या कंपन्यांना दिलात, तर आमच्या भागातील वाचकाला त्यातील निम्मे आधीच कळत असेल.

आपला,
एक कृषी केंद्रचालक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ