चांदणीच्या आईचं नाव

टली, किल्डेअर
१४ जून

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं म्हणून चार दिवस घालवले. आईचा आवाज ऐकला की पुढचं सुचत नाही, आणि बाबा, तुम्ही "बरं" एवढं म्हणून फोन आईच्या हातात देता. म्हणून लिहितेय. आईच्या डोळ्याला अजून ताण नको, तेव्हा बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा. मनात आधी वाचून मधलं काही गाळू नका.

मी जुलैत येत नाहीये. इथल्या आयरिश नॅशनल स्टडमधला, म्हणजे आयर्लंडच्या सरकारी घोडेपैदास फार्मवरचा, माझा कोर्स जुलैच्या सुरुवातीला संपतोय, पण इथून वीस मिनिटांवरच्या एका फार्मवर मला दोन वर्षांचं काम मिळालंय. सोमवारी सही केली. तुम्हाला आधी विचारलं नाही, हे चुकलंच. विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात, हे मला माहीत आहे. आई म्हणाली असती, "तुला बरं वाटतं ते कर," आणि त्या दुपारी जेवली नसती. ते मनात धरून मला सही करता आली नसती.

दोन वर्षं म्हणजे सलग दोन वर्षं नाही. घोडी घोड्याला दाखवायचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, वेतं जानेवारीपासून. दिवाळीच्या सुमाराला काम सगळ्यात कमी असतं. दिवाळीला मी महिनाभर घरी असणार, हे मी सही करण्याआधी त्यांच्याकडून लिहून घेतलंय. पर्मिटचे कागद फार्मच करणार आहे, त्याचा खर्च आपल्याला नाही. दादाला मी आधी सांगितलं, त्याच्यावर रागावू नका. मीच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं.

एक गोष्ट लपवायची नाही. आपली शिरवळची जनावरांच्या डॉक्टरची डिग्री इथे तशीच चालत नाही, परीक्षा द्यावी लागते. तोवर मी डॉक्टर म्हणून काम करू शकत नाही. मी रात्रपाळीला घोड्या राखते, शिंगरू अडलं तर डॉक्टर येईपर्यंत सांभाळते, सकाळी बॉक्स साफ करते. बाबा, "माझ्या पोरीच्या हाताला लीद लागायला नको" म्हणून तुम्ही साहेबांकडून उचल घेतलीत, ती सहा वर्षं पगारातून फिटत होती. ते मी एकही दिवस विसरलेले नाही. पण डिग्री मिळाली तरी घोडीच्या मागे उभं राहायची हिंमत मला तिथे कॉलेजात मिळाली नव्हती, ती इथे मिळाली. या हंगामात त्रेचाळीस शिंगरं माझ्या हातांवर आली.

आणि दर वेळी मला आपल्या फार्मची ती रात्र आठवते. मी तिसरीत होते, आईला न सांगता तुमच्यामागे पागेत आले होते. चांदणी व्यायली तेव्हा तुम्ही मला पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसवलंत, तुमची गोधडी अंगावर टाकलीत आणि म्हणालात, "बोलायचं नाही. एक, दोन, तीन मोज." एका तासात शिंगरू उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत प्यायलं पाहिजे, तीन तासांत घोडीची वार पडली पाहिजे. इथे पहिल्या आठवड्यात वर्गात नेमकं हेच शिकवलं. बाकीची मुलं लिहून घेत होती. मी वही उघडलीच नाही.

तेव्हा एक कळलं नव्हतं, ते इथे कळलं. स्टॅलियनच्या, म्हणजे पैदाशीच्या घोड्याच्या, फीचे कागद असतात ना, त्यांत कित्येक ठिकाणी अट असते की शिंगरू जिवंत जन्मलं, पायावर उभं राहिलं आणि आईचं दूध प्यायलं, तरच फी पक्की. म्हणजे तुम्ही कंदील घेऊन ज्या दोन तासांची राखण करत होतात, त्यावर साहेबांचे लाखो रुपये टांगलेले असायचे. इंग्लंडात न्यूमार्केटला फ्रँकल नावाचा घोडा आहे. चौदा शर्यती धावला, चौदाही जिंकला. २०१३ साली स्टडवर त्याची पहिली फी सव्वा लाख पौंड होती, २०२४ मध्ये साडेतीन लाख पौंड. आपले साडेतीन कोटींच्याही पुढे, एका घोडीसाठी. आणि थरोब्रेडमध्ये, म्हणजे शर्यतीच्या या जातीत, इंजेक्शनने घोडी भरवलेली चालत नाही. घोडीला ट्रकमधून, विमानातून घोड्यापर्यंत आणावंच लागतं, नाहीतर शिंगराची नोंदच होत नाही. म्हणून आमच्या फाटकाशी गाड्यांची रांग असते, आणि प्रत्येक गाडीत कुणीतरी मोतद्दार घोडीच्या मानेवर हात ठेवून उभा असतो. त्या हाताकडे बघितलं की मला घर आठवतं.

टीझर, म्हणजे घोडी पारखायला ठेवलेला घोडा, इथेही आहे. घोडी माजावर आहे का हे बघायला त्यालाच आधी पुढे करायचं, आणि ती तयार दिसली की त्याला बाजूला घेऊन स्टॅलियन आणायचा. तुम्ही आपल्या टीझरला रोज संध्याकाळी गुळाचा खडा द्यायचात, दसऱ्याला झेंडूची माळ आधी त्याच्या गळ्यात घालायचात. मीही इथल्याला गाजर देते. स्टॅलियनना द्यायला पुष्कळ लोक असतात.

आता बाबा, तुमच्या वहीविषयी. ती निळ्या पुठ्ठ्याची, जिच्यात तुम्ही घोड्यांचे बाप, आजे, पणजे मराठीत लिहून ठेवलेत. साहेब लोक स्टॅलियनची जाहिरात छापायचे, त्यात बापाचं नाव मोठं. उषा स्टडच्या रझीन या स्टॅलियनविषयी बोलताना सगळ्यांच्या तोंडी एकच, नॉर्दर्न डान्सरचा मुलगा. आणि तुम्ही म्हणायचात, "बाप सगळ्यांना ठाऊक असतो, आई विचारा." लोक मान हलवायचे आणि पुन्हा बापाचंच बोलायचे.

तुमचं बरोबर होतं. इथे लिलावाच्या कॅटलॉगचं पान कसं वाचायचं ते शिकवतात. वर वंशावळ असते. तिच्याखाली बापाच्या वाट्याला दोन-चार ओळी. मग उरलेलं पान आईचं: पहिली आई, तिची आई, तिचीही आई, त्यांची कोणती पोरं कुठे जिंकली. आणि दुसरं असं की या धंद्यात भाऊ कुणाला म्हणतात माहीत आहे? आई एक असेल त्यालाच. बाप एक असलेले शेकडो असतात, त्यांना कुणी भाऊ म्हणत नाही.

हे मला ज्या घोडीमुळे नीट कळलं, तिचं नाव अर्बन सी. १९९३ साली तिने पॅरिसची आर्क शर्यत जिंकली. तिचा एक मुलगा गॅलिलिओ, २००१चा एप्सम डर्बी विजेता, पुढे बारा वेळा इंग्लंड-आयर्लंडचा अव्वल स्टॅलियन. फ्रँकल त्याचाच मुलगा. गॅलिलिओचा बाप सॅडलर्स वेल्स, त्याचा बाप नॉर्दर्न डान्सर, म्हणजे लोक सगळं श्रेय वरच्या रेघेला, बापाच्या बाजूला, देऊन मोकळे. पण तिचा दुसरा मुलगा सी द स्टार्स, बाप निराळाच, केप क्रॉस. त्यानेही २००९ साली डर्बी जिंकली, आर्कही जिंकली. दोन बाप, आई एक. ती घोडी याच फार्मवर गेली, बाबा. २००९च्या मार्चमध्ये, शेवटचं शिंगरू देऊन, आतून रक्तस्राव होऊन. दोन महिन्यांनी सी द स्टार्स त्या वर्षीची पहिली मोठी शर्यत जिंकला. पहिल्यांदा हे ऐकलं त्या रात्री पाळीवर असताना मी प्रत्येक घोडीच्या हिरड्या दोन-दोनदा बघत होते, पांढऱ्या तर पडल्या नाहीत ना म्हणून.

आई, तुला एक सांगते, तुला आवडेल. हे फार्म ज्याने १९००च्या सुमाराला सुरू केलं, तो कर्नल हॉल वॉकर, प्रत्येक शिंगराची पत्रिका काढायचा. ग्रह बरे नसले तर खानदान कितीही मोठं असो, विकून टाकायचा. घोड्यांच्या खोल्यांना छपरात वरून उजेड येईल अशा खिडक्या ठेवल्या आहेत, चंद्राचा आणि ताऱ्यांचा प्रकाश आत पडावा म्हणून. पहाटे तीनला मी कधी कधी त्याखाली उभी राहते आणि तू अंगणात मला चंद्र दाखवत भरवायचीस ते आठवतं. मात्र गोत्राचं तुला पटणार नाही. एनेबल नावाच्या घोडीच्या वंशावळीत सॅडलर्स वेल्स आईच्या बाजूने आजोबा आणि बापाच्या बाजूने पणजोबा आहे, आणि तिने दोनदा आर्क जिंकली.

नगरच्या स्थळाचं मी विसरलेले नाही. मावशीने शब्द टाकलाय, तुझी अडचण होईल, हे कळतं. त्यांना सरळ सांग की मुलगी दोन वर्षं परदेशात आहे, थांबवून ठेवणं बरं नाही. तो मुलगा चांगला आहे, म्हणूनच त्याला ताटकळत ठेवायचं नाही. लग्नाला माझा नकार नाही गं, तू त्यावर रात्रभर विचार करत बसू नकोस.

माझी काळजी करू नका. खोली गरम असते, खिडकीतून पॅडॉक दिसतं. पाऊस आपल्या आषाढासारखा धो धो नाही, दिवसभर भुरभुर पडतो. त्याला चांगले बूट आणि जाड मोजे लागतात, ते घेतले आहेत. रात्री दहापर्यंत उजेड असतो. तूरडाळ डब्लिनहून येते, कुकर आहे, तू दिलेला गोडा मसाला मार्चमध्ये संपला पण इथे राहणाऱ्या एका मराठी ताईंनी अर्धी बरणी दिली. मी वरण-भात खाते, रोज. पाळीवरून आल्यावर झोपते, जागून फोन बघत नाही.

आता बाबा, हे नीट वाचा. इथे वाळलं गवत घोड्यापुढे टाकण्याआधी भिजवतात किंवा वाफवतात. का, तर त्यातली धूळ आणि बुरशी घोड्याच्या फुप्फुसात जाते. चौतीस वर्षं तुम्ही ती गंजी झटकलीत, तोंडाला उपरणंसुद्धा न बांधता. दोन वर्षांपासून पहाटेचा जो खोकला आहे तो हवापालटाचा नाही. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि मी कोपऱ्यात जाऊन रडले. छातीच्या डॉक्टरांकडे जायचं. नळीत फुंकायची तपासणी असते, दुखत नाही, सुई नाही. दादाने पुढच्या शनिवारची वेळ घेतली आहे. "पालखीची गर्दी आहे", "पाऊस आहे", काही चालणार नाही. बीडी सोडलीत असं तुम्ही सांगता, आई वेगळं सांगते. आई, कोनाड्यातल्या डब्यामागे बघ. आणि गुडघ्याला तेल लावून जिना चढायचा नाही, आधी पट्टा. पैसे दर महिन्याच्या ५ तारखेला येतील, ते पोस्टात ठेवायचे नाहीत, औषधाला आणि दुधाला वापरायचे. जुनं घर शाकारायचं काम तुम्ही स्वतः वर चढून करणार नाही, माणूस लावायचा.

रागावून लिहिलं असं वाटलं तर तसं नाही. लांब बसून दुसरं काही करता येत नाही म्हणून शब्द असे येतात.

१ जूनला तुमचा दाखल्यावरचा वाढदिवस झाला. इथे सगळ्या थरोब्रेडचा वाढदिवस एकच असतो, १ जानेवारी, कधीही जन्मले असोत. हे ऐकलं तेव्हा तुमची आजी गुरुजींसमोर उभी राहून "आंब्याच्या दिवसांत झाला" एवढंच सांगते आहे, असं डोळ्यांपुढे आलं.

एक काम आहे. मी चांदणीची वंशावळ मांडतेय, इथल्या पद्धतीने. बापाची बाजू पाच पिढ्या लागली, ती कुठेही मिळते. आईच्या बाजूला एक घर रिकामं आहे. तुमच्या वहीत तिच्या आईचं नाव आहे, मला पक्कं आठवतं, डाव्या पानावर, शाईचा डाग पडलाय त्याच्या खाली. ते बघून कळवा. फोटो काढून दादाकडे देऊ नका. तुम्ही स्वतः फोन करा आणि वाचून सांगा.

तुमची
शुभी

ता. क. : शनिवारी, सकाळी साडेदहा. रिकाम्या पोटी जायची गरज नाही, नाश्ता करून जा.