काका, पहिल्या पावसाचे ते आकडे तुमच्यामुळे मिळाले

काका, सप्रेम जय सेवा.

पीएचडीला माझी निवड झाली. फोनवर सांगत होते तेवढ्यात रेंज गेली आणि आभार राहूनच गेले. ते आज सगळ्यांसमोर मानते. आपल्या गडचिरोलीतल्या पोरापोरींनाही कळू दे की जंगलातला कार्बन मोजणं हेही शिक्षण आहे, त्यात नेट-जेआरएफ ही परीक्षा काढली तर महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप मिळते.

एमएस्सीच्या प्रबंधासाठी मी आले तेव्हा हातात एक टेप आणि एक वही होती. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायचा. ती उंची तुमच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाशी येते हे तुम्हीच शोधलंत. मग प्रत्येक सागाला, ऐनाला तुम्ही टेकून उभे राहायचात आणि मी बटणाशी खडूची रेघ ओढायची. घेरावरून झाडाचं वजन काढतात; सुक्या लाकडात जवळजवळ निम्मा कार्बनच असतो.

पण खरी अडचण वणव्याची होती. कोणता पट्टा कोणत्या साली जळला, हे मला कागदावर कुठेच मिळालं नाही. पाचोळ्यातून सरकणारी छोटी आग उपग्रहाच्या नकाशातूनही सुटते. तुम्ही इतके उन्हाळे फायर वॉचर म्हणून, वणव्यावर नजर ठेवत काढलेले. "धाकटीचं लगीन झालं त्या साली नाल्याच्या अल्याड जळलं," असं सांगत तुम्ही अकरा पट्ट्यांचा हिशोब दिलात. मोहफुलं वेचायला झाडाखाली लावलेली आग कोणती, तेंदूला नवी पानं यावीत म्हणून लावलेली कोणती, तेही वेगळं करून दिलंत. जळलेला आणि न जळलेला पट्टा शेजारी ठेवून मोजता आला, तो त्यामुळेच.

आणि ते डबे! जमिनीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड धरायला उलटा डबा, आत कॉस्टिक सोड्याची वाटी. मी जुलैत सुरू करणार होते. तुम्ही म्हणालात, "पानी पडल्यावर लावून काय करशीन? आभाळ दाटलं का लाव." मृगाच्या पहिल्या सरीनंतर कोरड्या मातीतले जिवाणू जागे होतात आणि वायू एकदम उसळतो. बर्च नावाच्या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये हे लिहून ठेवलंय, माझ्या वाचनात मात्र तेव्हा आलं नव्हतं. जुलैपर्यंत थांबले असते तर ती उसळी हातची गेली असती.

मुलाखतीत याच दोन गोष्टींवर सगळ्यात जास्त प्रश्न आले. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात १९८८ पासून ५० हेक्टरांतलं एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक झाड मोजतात, तसं काम इतकी वर्षं चिकाटीने करशील का, असंही विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं.

होळीच्या आधी येते. पाचोळा झेलायला बांबूच्या खुंट्यांवर बांधलेली चार नंबरची जाळी उंदरांनी कुरतडलीय म्हणालात ना, नवी मच्छरदाणी घेऊनच येते.

तुमची पोर