वाचलं ते आणि ठरवलं ते

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सध्या काय वाचतेस?" मी म्हटलं, असंच काहीतरी. खरं तर वाचन जोरात चाललंय. पण ते सांगायला घेतलं असतं, तर दुसरंही सांगावं लागलं असतं. तुमच्या डोळ्याची पट्टी तेव्हा नुकतीच निघाली होती.

अर्सुला ल ग्विनच्या 'अर्थसी' ह्या जादूगारांच्या कादंबरीमालेचे पहिले तीन भाग तुम्हीच आणून दिले होते. तिसरा 1972चा. चौथा, 'तेहानू', तिनं थेट 1990 मध्ये काढला, तो आत्ता वाचला. हल्ली पुढचा भाग म्हणजे आणखी मोठं युद्ध नि आठशे पानं, गोष्ट मात्र जागची हलत नाही. इथं उलटंच. महाजादूगार गेडची सगळी जादू संपलीय. तो लाजेनं तोंड लपवतो, डोंगरावर शेळ्या राखतो. तेनार विधवा झालीय, मुलं मोठी झालीत, भाजलेल्या एका पोरीला ती सांभाळतेय. आणि ही दोघं त्या वयात एकत्र राहू लागतात! बऱ्याच जुन्या वाचकांना ते रुचलं नाही. मला मात्र सगळ्यांत तेच आवडलं. तेनारचा मुलगा समुद्रावरून परतून शेतावर हक्क सांगतो, तिथं तर मी पुस्तक मिटून चहाच करायला उठले. इतका राग आला.

आई, तुझ्यासाठी प्रेमकथा. (काकोडकरांच्या कादंबऱ्या पिठाच्या डब्यामागे असायच्या, मला माहीत होतं.) जेन ऑस्टिनची 'पर्सुएशन'. 1817 मध्ये ती गेली, त्यानंतर छापलेली. वडीलधाऱ्या लेडी रसेलचं ऐकून ॲन ठरलेलं लग्न मोडते, आठ वर्षांनी तोच माणूस समोर येतो. सत्ताविशीतल्या ॲनला सगळे कोमेजलेली समजतात, म्हणजे मी तर वाळलेलीच! तू शेवटचं पान आधी वाचतेस, तर वाच. शेवट गोड आहे हे माहीत असूनही त्याच्या पत्रापाशी मी रडले. आणि शेवटी ॲन म्हणते, त्या वेळी मी त्यांचं ऐकलं तेच बरोबर होतं. आई, माझंही आत्याबद्दल तेच म्हणणं आहे. तेव्हाचं तेव्हा.

तर, आम्ही विवाह नोंदणीची नोटीस दिली आहे. तीस दिवस थांबावं लागतं, मग सह्या. तो माणूस चांगला आहे. माझ्याआधी उठून चहा टाकतो. घाईत ठरवलेलं नाही, एकटेपणाला कंटाळूनही नाही, आणि त्या जुन्या प्रकरणाचा ह्याच्याशी काही संबंध नाही. कुणी विचारलं तर "तिचं तिनं ठरवलं" म्हणा, पुढचं मी बघते. घराला लिफ्ट आहे, कमोड आहे, तुमच्या खोलीत सकाळचं ऊन येतं. आई, मऊ भात नि मेतकूट इथंही मिळेल. अजून ताप आला की मला तेवढंच लागतं.

बाबा, थेंब वेळेवर घाला आणि पुस्तकांसाठी माळ्यावर चढू नका. 'तेहानू' मी किंडलवर टाकून पाठवतेय, अक्षर हवं तेवढं मोठं होतं, कुरकुर करायची नाही. आई, बीपीची गोळी संपत आली असेल, आजच आणायला सांग. सह्यांना दोघंही या. गाडी मी पाठवते, एसटीनं मुळीच निघू नका.

तुमची,
बेबी